डोकं तापवण्यासाठी जोयड्याला

जोयडा तालुक्यात जाऊन आलेली माणसं दाट जंगलाच्या, वाघाच्या पंजांच्या आणि काळी नदीतल्या होड्यांच्या गोष्टी सांगतात. मी तिथं एक मुक्काम करून आलो आणि मला आठवतंय ते एक इंजिन. जंगल होतं, नाही असं नाही. पण ज्या कामाला गेलो होतो त्यात ते मधे मधे येत होतं, एवढंच.

माझं कोल्हापुरात प्लगचं दुकान आहे. प्लग म्हणजे स्पार्क प्लग. फटफटी असो, औषध फवारायचा पंप असो, आत ठिणगी पडल्याशिवाय काही हलत नाही आणि ती ठिणगी मी विकतो, हे वाक्य मी गिऱ्हाइकाला जन्मभर ऐकवत आलोय. माझा स्वभाव तापट आहे असं आमच्या गल्लीत म्हणतात. म्हणणाऱ्यांची तोंडं मला माहीत आहेत.

दिगंबर माझा भाचा. बहीण गेली तेव्हापासून आमच्याकडंच वाढला. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळं दुकान, घर, म्हातारपण असं सगळं आम्ही त्याच्याच खुंटीला टांगलेलं. पोरगा इतका शांत की गिऱ्हाइकानं जळका प्लग परत आणून त्याच्या तोंडावर फेकला तरी तो उचलून पुसून बघतो. त्याला मुलगी मिळेना. शेती नाही म्हणून नकार, दुकान मामाचं म्हणून नकार, आणि एकीनं तर "मुलगा भांडतच नाही, वेळ कसा जाणार" म्हणून नकार दिला. पोरगा काही बोलायचा नाही, पण नकार आला की त्या रात्री जेवायचा नाही. ते बघून मला भडभडून यायचं आणि मी शेजाऱ्यांशी भांडायचो.

अशात सोयरिकीच्या एका ग्रुपवर माहिती आली. मुलगी बारावी पास, सालस, निर्व्यसनी घर, रामनगरजवळ, तालुका जोयडा. आणि शेवटी, "मुलगी स्वतः इंजिन चालवते."

रामनगरच्या अलीकडं लोंढा, आणि लोंढा म्हणजे मोठं जंक्शन. मी एक आणि एक दोन केले. रेल्वेतली मुलगी. आमच्या हिनं फुकटच्या पासावर काशीला जायचं मनातल्या मनात ठरवूनसुद्धा टाकलं. मुलीच्या वडिलांना फोन लावला तर आवाज तुटत होता. तेवढ्यात जमेल तसं भाच्याचं कौतुक केलं. म्हटलं, "मुलगा एक नंबर. डोकं कधी म्हणून तापत नाही."

 पलीकडून काळजीचा आवाज आला, "अजिबात तापत न्हाई? मग चालतंय कसं त्येचं?"

रेंज खराब आहे असं समजून मी फोन ठेवला.

गणेशगुडी, चुकून

खानापूर सोडलं की रस्त्याला दोन्ही बाजूंनी झाडं चिकटतात आणि मोबाईल मुका होतो. रामनगर केव्हा आलं आणि केव्हा गेलं ते मला कळलं नाही, कारण मी दिगूला कुणाला विचारू देत नव्हतो. आम्ही थेट गणेशगुडीला, नदीवर जाऊन पोचलो. गाडीतून उतरतो तोच दोन हसतमुख तरुणांनी माझ्या डोक्यावर हेल्मेट घातलं, कोटावरून फुगीर जाकीट चढवलं आणि हाताला धरून मला रबराच्या होडीत बसवलं. मला वाटलं, पुढच्या काठाला स्टेशन असेल. मी विचारलं, "रेल्वे क्वार्टर पलीकडं का?" ते म्हणाले, "सर, पुढं नऊ रॅपिड हाईत." रॅपिड म्हणजे नदीचे खळाळ हे मागून कळलं, तेव्हा मला वाटलं नऊ गाड्यांचा थांबा आहे. होडी ढकलणार एवढ्यात दिगूनं त्यांना काहीतरी हळू आवाजात सांगितलं आणि मला उतरवून घेतलं. जाकीट काढताना कोटाचं एक बटण नदीत गेलं.

आमच्याकडं पाहुणा चुकला तर त्याला आधी पत्ता विचारतात. इथं आधी पाण्यात घालायची पद्धत आहे.

गिरणी

माघारी येऊन, विचारत विचारत, दुपारी गाव सापडलं. मुलीचे वडील परशराम अप्पा पायवाटेवर उभे होते. धोतर, अंगात बनियन, भुवया जळालेल्या. "यावा पावणं," म्हणाले. "वाट चुकला म्हणं? सगळी चुकत्यात. आमी बी पयल्यांदा चुकूनच आलो हुतो."

हे शेवटचं वाक्य मी तेव्हा सोडून दिलं.

पाय धुवायला पाणी, गूळ, मग उकड्या तांदळाची पेज आणि तांबड्या मुंग्यांची चटणी. मुंग्या आहेत हे मला खाऊन झाल्यावर सांगितलं. आंबट, झणझणीत लागते आणि सर्दी उडून जाते. आमच्याकडं पोह्यांवर मुलगी बघतात आणि पोहे बरे झाले असं खोटं सांगतात. इथं खोटं बोलायला तोंड शिल्लक राहत नाही.

डोळे पुसून मी मुद्द्यावर आलो. "मुलीची ड्यूटी कुठल्या लाइनला असते?"

"लाईन कुटली," अप्पा म्हणाले. "सरळ पट्ट्यावर हाय सगळं."

"मालगाडी चालवतात की पॅसेंजर?"

अप्पांनी विचार केला. "भात. हंगामात मिरची बी."

"आणि सुट्ट्या?"

"आवसेला बंद असतंय."

एवढ्यात मागून दिगूला हसू फुटलं. तो लहानपणापासून एवढ्या मोठ्यानं हसलेला मी पाहिलेला नाही. परड्यातल्या पत्र्याच्या खोपीत भाताची गिरणी होती आणि गिरणी फिरवणारं जुनं इंजिन होतं. मुलगी चालवत होती ते हे. काशीचा पास माझ्या डोळ्यांदेखत गेला.

मुलगी, रेणुका, इंजिनाजवळ तेलाचा डबा घेऊन उभी होती. पदर खोचलेला, मनगटापर्यंत काळी. तिनं मला नमस्कार केला आणि दिगूकडं बघून म्हणाली, "तुमचं डोकं तापत न्हाई म्हणं?"

"नाही," दिगू म्हणाला.

"बरं झालं. हितं एक तापतंय तेवढं बास हाय."

पाहुणा म्हणून मी कोटाच्या खिशातून कोरा प्लग काढला. आमच्या दुकानाची भेट. म्हटलं, हा बसवा, इंजिन भुरकन सुरू होईल. आणि बसवायची जागा शोधायला लागलो. पुढून बघितलं, मागून बघितलं, गुडघ्यावर बसून खालून बघितलं. इंजिनाला प्लगचं भोकच नव्हतं.

"कुटं बसवायचं म्हणताय?" अप्पांनी अदबीनं विचारलं. "भोक पाडूया की. पार हाय आमच्याकडं." आणि खरंच जाऊन पहार घेऊन आले. मी त्यांना घाईनं आवरलं.

ज्यांनी असलं इंजिन बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. याच्या टोकाला बिडाचा एक पोकळ गोळा असतो. त्याला हे लोक डोकं म्हणतात. तो बाहेरून विस्तव लावून लाल करायचा. मग हाताच्या दांड्यानं आत तेलाची पिचकारी मारायची. तेल लाल भिंतीवर पडलं की भडका उडतो आणि चाक फिरतं. एकदा चालू झालं की स्वतःच्याच भडक्यानं डोकं गरम राहतं. ठिणगी नाही, बॅटरी नाही, प्लग नाही. डिझेल चालतं, करंजाचं तेल चालतं, अप्पांच्या म्हणण्याप्रमाणं भज्यांचं उरलेलं तेलही चालतं. सुपा गाव धरणाच्या पाण्यात जायच्या आधी अप्पांच्या सासऱ्यांनी ते बैलगाडीनं वर आणलं. घरातली कपाटं राहिली खाली. गावात वीज आहे, पण तारेवर झाड पडलं की जाते आणि झाडांना दुसरं काम नाही.

माझ्या धंद्याचा एवढा अपमान कुणी केला नव्हता. मी प्लग परत खिशात घालत होतो तर अप्पांनी तो मागून घेतला आणि कोनाड्यात गणपतीशेजारी ठेवला.

तीन वाटा

दुसऱ्या दिवशी सकाळी गावचा गावडा आला. गावडा म्हणजे गावचा मानकरी. काठी टेकून तो इंजिनासमोर पाटावर बसला आणि मागून गाव जमलं. मी अप्पांना विचारलं, हे काय चाललंय. बैठक नाही, याद्या नाहीत, मुलीला दोन प्रश्न नाहीत.

"बोलून काय कळतंय," अप्पा म्हणाले. "आमच्यात इंजानावर ठरतंय. पावण्यांनी डोकं तापवायचं. नवऱ्या मुलानं चाक मारायचं. तेलाचा दांडा पोरगी मारणार. इंजान सुलटं लागलं तर पोरगी तुमच्या घरी."

"आणि लागलंच नाही तर?"

"च्या पिऊन जायचं. दोघं पिऊन गेली की आजवर."

"सुलटं लागलं तर म्हणजे? उलटंही लागतं की काय?"

"ह्ये दोनी अंगानं चालतंय. त्येला बिचाऱ्याला पुढं काय आणि मागं काय. उलटं लागलं तर पट्ट्याला एक पीळ घालायचा, गिरणी सुलटीच फिरती." मग अप्पांनी जळालेली भुवई खाजवली. "उलटं लागलं तर पोरगी जात न्हाई. पोरगा ऱ्हातोय. मी खानापूरकडचा. दोन दिसासाठी आलतो."

मी खो खो हसलो. अप्पाही हसले. गावडाही हसला. दिगू तेवढा हसला नाही. तो चाकाला हात लावून बघत होता.

मी त्याला बाजूला घेतलं. "हा सगळा वेडाबाजार आहे. तुला मुलगी पसंत नसेल तर आत्ताच गाडी काढ." तो म्हणाला, "मामा, इथनं चहा पिऊन जायची पाळी नको यायला." एवढंच. पण बोलताना त्याची नजर चाकावरनं हलली नाही. तेव्हा मला कळलं की या वेळी नकार आला तर तो एक रात्र उपाशी राहून भागणार नाही. मी कोट काढून खुंटीला लावला आणि बाह्या सारल्या.

पहिल्याच पावलाला अडचण आली. डोकं तापवायचा पंपाचा दिवा घासलेटवर चाले आणि घासलेट आता रेशनवर मिळत नाही. मग सगळं गाव शहाणं झालं. एकानं सिगारेटचा लायटर पुढं केला. एकीनं देवाचा कापूर आणला, तो जळला आणि सगळ्यांनी सवयीनं हात जोडले, इंजिन थंडच. कुणी सोऱ्याच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद धुमसत आत सरकवावा म्हणालं, पण सरकवायला भोक नव्हतं, आणि परत पहारीची गोष्ट निघाली. मी म्हटलं गाडीची बॅटरी काढा, तारा जोडा, ठिणगीच पाडू. गावडा म्हणाला, "पावणं, सुम्म बसा जरा." म्हणजे गप्प बसा, हे मला कुणी न सांगता कळलं.

शेवटी करवंट्यांचे निखारे घमेल्यात घालून डोक्याखाली धरायचे आणि फुंकणीनं फुंकायचं असं ठरलं. फुंकणार कोण? पाहुणे.

मी फुंकायला लागलो. दुकानात बसून पोट वाढलेला माणूस मी. राख डोळ्यांत गेली, मिशी एका बाजूनं करपली. थोडं फुंकलं की गावडा मान वाकडी करून बघायचा आणि सांगायचा, "काळंच हाय." परत फुंकायचो. "काळंच हाय." मधे चहा आला, तो सगळ्यांनी प्यायला, मला दिला नाही. चहा म्हणजे नकार, तो मला चालणार नाही, अशी त्यांची काळजी. मग कोनफळाचे उकडलेले काप आले. तेही फुंकणाऱ्याला नाहीत, कारण तोंड रिकामं पाहिजे.

"काळंच हाय," गावडा म्हणाला.

मग मात्र माझं सुटलं. फुंकणी आपटली. त्या इंजिनाला, ते बनवणाऱ्याला, ते बैलगाडीनं वर आणणाऱ्याला, अशी ठणठणीत कोल्हापुरी सुनावली. म्हटलं, "आमचं पोर काय वाईट आहे? लाखात एक पोर आहे. अजून किती घरी वशिल्यानं आणि फुंकणीनं मिळवायची त्याला बायको? मी त्याला वाढवलाय. त्याचं जेवणाचं भरलेलं ताट परत आत जाताना मी बघितलंय. हे बिडाचं टकुरं ठरवणार काय?"

 दिगू माझ्याकडं बघत राहिला. गावडा उठला, बोटानं पाण्याचा एक थेंब गोळ्यावर टाकला. थेंब नाचला आणि चर्र करून उडाला.

"तापलं," गावडा म्हणाला.

माझं की इंजिनाचं, ते काही त्यानं सांगितलं नाही. मधे मधे राख झटकून दिगूनं निखारे बरोबर बुडाशी सरकवले होते, ते मी आत्ता बघितलं. गोळ्यावर तांबूस रंग चढला होता.

चाक

दिगूनं चाकाला हात घातला. सुलट्या अंगानं, कोल्हापूरच्या दिशेनं म्हणा. रेणुका तेलाच्या दांड्याशी बसली. तो चाक ओढून दाबावर आणायचा, सोडायचा, परत आणायचा. तिसऱ्या खेपेला त्यानं जोर लावला आणि चाक वर चढायला लागलं.

इथं मी जे पाहिलं ते माझ्याशिवाय कुणी पाहिलं नाही, कारण जन्म गेला माझा यात. ठिणगी वेळेआधी पडली की फटफटीची किक उलटी बसते. कित्येकांच्या पायांची नळी त्यानं मोडलीय. चाक वरच्या टोकाला पोचायच्या आतच, अगदी पापणी लवायचा वेळ आधी, रेणुकानं दांडा मारला. चुकून नाही. ती चाकाकडं बघत नव्हती, दिगूकडं बघत होती. आणि दिगूनं हात आधीच सोडला होता.

धप्प. खोपीचे पत्रे हलले. चाक एक क्षण थांबलं, आणि भलतीकडंच फिरायला लागलं. धप्प, धप्प, धप्प.

"उलटं लागलं," गावडा म्हणाला, आणि बायकांनी रेणुकाच्या आईला मिठ्या मारल्या.

मी ओरडलो, हे धरायचं नाही, बंद करा, परत लावा. ऐकू कुणाला जाणार त्या आवाजात. अप्पांनी शांतपणे पट्टा उतरवला, त्याला एक पीळ घातला, परत चढवला. गिरणी फिरायला लागली. कुणीतरी भात ओतलं आणि खालून पांढरा तांदूळ आला.

गलका कमी झाल्यावर मी रेणुकाला परड्यात गाठलं. "पोरी, दांडा आधी मारलास."

ती लाजली नाही. "व्हय, मामा. त्यास्नी इचारूनच मारला."

"कधी विचारलंस?"

"काल. तुमी भोक शोधत हुता तवा."

मी दिगूकडं गेलो. तो तेलकट हातानं इंजिनाजवळ बसला होता, अगदी आपल्या घरी बसल्यासारखा. म्हणाला, "मामा, भाताची रास पडलीय त्यांच्याकडं. चार दिवस थांबतो, ती उरकली की येतो. मग लग्नाचं बघू."

मागून अप्पा म्हणाले, "मी दोनच दिस म्हणालो हुतो."

मला त्याला बखोट धरून गाडीत घालता आलं असतं. तशी माझी ख्याती आहे. पण तो कोनफळाचे काप खात होता. एकामागून एक खात होता, आणि कुणी सांगितलेलं नसताना हसत होता. मी कोट घातला, बटण नसलेल्या जागी टाचणी लावली. निघताना कोनाड्यात बघितलं तर माझ्या प्लगला हळदकुंकू लागलं होतं.

घर

गाडी मीच चालवत आलो. या खेपेला प्रत्येक फाट्यावर थांबून रस्ता विचारला. शेजारच्या सीटवर मुंग्यांच्या चटणीची बाटली आणि नवीन तांदळाची पिशवी होती. लोंढ्याच्या फाटकाला एक गाडी गेली, इंजिन कोण चालवतंय ते मी मान वळवून बघितलं नाही. खानापूर ओलांडल्यावर गाडी बाजूला घेऊन जरा रडलो. त्यात लपवण्यासारखं काय आहे.

हिनं दार उघडलं. माझ्या मागं बघितलं, गाडीत बघितलं.

"मुलगी पसंत?"

"पसंत."

"दिगू कुठाय?"

"तिथंच. इंजिन उलटं लागलं."

मग उंबऱ्यावर बसूनच मी तिला सगळं सांगितलं. तिनं तांदळाची पिशवी मांडीवर घेतली, मूठभर तांदूळ काढून बघितले, परत आत टाकले.  मग माझी करपलेली मिशी बघत म्हणाली, "पोर घालवून आलात. आणि तुमचं डोकं नाही तापलं?"

"तापलं की," मी म्हणालो. "म्हणून तर लागलं."